उंबरठ्याबाहेरचे आप्पा

आप्पा गेल्याचं मला नळावर कळलं. सकाळचं पाणी सुटलं होतं, माझा हंडा अर्धा भरला होता. समोरच्या ओळीतल्या मंजुबेनने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "कमलबेन, अप्पा नथी रह्या." मी मान हलवली आणि हंडा भरत राहिले. तो भरून वाहायला लागला तरी माझा हात नळाखालून निघेना. शेवटी मंजुबेननेच तोटी बंद केली आणि मला हाताला धरून घरापर्यंत आणलं.

आदल्याच दिवशी मी त्यांना दवाखान्यात भेटून आले होते. त्या दिवशी त्यांना एक गोष्ट सांगायचीच, असं मी रिक्षात बसल्यापासून मनाशी घोकत होते. दहा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट. पण वॉर्डात पोचले तर त्यांच्या नाकातोंडावर ऑक्सिजनची टोपी, बाजूच्या खाटेवरच्या माणसाचे पाहुणे जमलेले, आणि जिजी, म्हणजे आप्पांच्या घरच्या, पायथ्याशी बसल्या बसल्या झोपलेल्या. मी म्हटलं, "आप्पा, तांदळाची पेज आणलीय. मीठ कमी घातलंय." त्यांनी टोपी जरा बाजूला केली आणि माझ्या लेकीचं विचारलं, "वैशू शाळेत गेली का?" मी म्हटलं, गेली. त्यांनी डोळे मिटले... एवढंच आमचं शेवटचं बोलणं. पेजेचा डबा मी तसाच परत आणला. महिना होऊन गेला, सांगायचं ते राहिलंच आहे, आणि आता सांगायला ते समोर नाहीत. म्हणून लिहिते आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंत झालं, आठवीचं तोंडही पाहिलं नाही, तेव्हा कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही साक्रीकडचे. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला सिल्वासात कारखाने भराभर उभे राहत होते आणि आमच्याकडची माणसं नवापूर, सुरत, वापी असं करत इकडे येत होती. माझे मालक मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात लागले आणि लग्नानंतर चार महिन्यांनी मलाही घेऊन आले. सामरवरणीच्या रस्त्याला लागून आमची चाळ. समोरासमोर दोन ओळी, वर सिमेंटचे पत्रे, मधे चार पावलांची गल्ली आणि गल्लीतून उघडी नाली. मला तेव्हा अठरावं लागलेलं. मालक पाळीवर गेले की मी दाराला आतून कडी घालून बसायची. बाहेर कोण कुठल्या भाषेत बोलतंय कळायचं नाही, आणि कळलं तरी उत्तर काय द्यायचं याची भीती. तिसऱ्या का चौथ्या दिवशी कडी वाजली. मी काही उघडीना. तेव्हा बाहेरून आवाज आला, "पोरी, उघड. घाबरू नको, मी शे ना." ते "आहे"च्या जागी "शे" ऐकलं आणि माझ्या डोळ्यांना धारच लागली. परक्या गावात आपल्या बोलीतला एवढासा शब्द किती मोठा असतो, ते तेव्हा समजलं. दारात शेजारच्या खोलीतले आप्पा उभे होते, हातात जिजींनी दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा. त्या दिवसापासून मला इथे माहेर झालं. जिजींनी मला बाजार दाखवला, किलवणीहून भाजी घेऊन येणाऱ्या बायांशी घासाघीस कशी करायची ते शिकवलं. आप्पांनी समजावून माझी दाराची कडी सोडवली.

आप्पांचं काम धूर मारण्याचं. गावाकडे त्यांनी कपाशीवर फवारणी केलेली, पंपाची सवय होती, म्हणून इकडच्या चाळमालकांनी मिळून जो कंत्राटदार ठेवला होता त्याने त्यांना घेतलं. कारखान्यांसाठी जागोजागी खड्डे खणलेले, त्यांत पाणी साचलेलं, मलेरिया घरोघर. दिवेलागणीच्या आधी आप्पा तोंडाला ओला गमछा बांधून, खांद्याला मशीन अडकवून निघायचे. डिझेलमध्ये औषध कालवलेलं असायचं. फटफट आवाज, आणि मागे पांढऱ्या धुराचा ढग. दोन ओळींमधे तो ढग कोंडून राहायचा, समोरचं दार दिसायचं नाही. पोरं नाचत मागे धावायची. बाया दारं-खिडक्या उघडून ठेवायच्या, धूर आत यावा म्हणून. वाळत घातलेल्या कपड्यांना, उघड्या पिठाला, हंड्यातल्या पाण्याला दुसऱ्या दिवसापर्यंत तो वास यायचा. आम्ही त्याला औषधच म्हणायचो. ज्या घरात धूर पोचला नाही त्या घरची बाई आप्पांशी भांडायला यायची, की आम्ही काय भाडं भरत नाही का.

आणि तो वास... तो वास सडत आलेल्या लसणाचा असायचा. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळं त्या वासाने झालं. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला धुरी देतात. खापरीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि लसणाची सालं. दार लावून घ्यायचं, बाळाला मांडीवर घेऊन वरून लुगडं पांघरायचं. जितका धूर कोंडेल तितकं बाळ निरोगी, असं आमची आजी, आई सगळ्या मानत आल्या. धूर आणि लसणाचा वास, म्हणजे बाळाचं भलं. हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं की त्यात शंका घ्यायचं कधी सुचलंच नाही.

वैशू झाली ती इथेच. माझी आई नव्हती, आणि सासूबाईंचा निरोप होता की बाळंतपणाला गावी ये, नाहीतर तिथे तुझ्या हातून पोर जगणार नाही, तुला काही कळत नाही. मी हट्टाने राहिले. जिजींच्या भरवशावर राहिले. त्यांनी दहा-बारा दिवस तेल-पाणी, शेक, धुरी, सगळं आईसारखं केलं. मग त्यांनाच थंडीताप भरला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. त्याच आठवड्यात आमच्या ओळीतल्या तिसऱ्या खोलीतलं सहा महिन्यांचं बाळ तापाने गेलं. त्या आईचं रडणं भिंतीतून ऐकू येत होतं. मी वैशूच्या अंगावर दर घटकेला हात ठेवून बघायची. एक डास दिसला तरी तो मेल्याशिवाय मी खाली बसायची नाही.

त्या संध्याकाळी मशीनचा आवाज आला आणि मी दार उघडून आप्पांना हाक मारली. म्हटलं, आत पण द्या, जरा दाट द्या. ते थांबले. मशीन खाली करून म्हणाले, ओल्या बाळंतिणीच्या खोलीत कशाला, दार उघडं ठेव, येईल तेवढा पुरे आहे. त्यांना तरी नक्की काय माहीत होतं? काही नाही. पण त्यांचं मन घेत नव्हतं. आणि मी... मी त्यांना टोचून बोलले. म्हटलं, "साऱ्या चाळीला धूर देता, आणि स्वतःच्या नातीलाच कमी का, आप्पा?"

ते हसले. डब्यातून औषधाचं आणखी एक माप मशीनमध्ये ओतलं, आत आले आणि खोलीच्या चारी कोपऱ्यांत नळी फिरवली. बाहेर जाताना म्हणाले, लेकीचा मान मोठा. ते गेल्यावर दार मी लावलं. आतून कडी मी घातली. खिडकीच्या फटीत फडकं मी कोंबलं. बाळाला मांडीवर घेतलं आणि वरून लुगडं पांघरलं, आईने माझ्या धाकट्या भावाला घेतलेलं पाहिलं होतं अगदी तसं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही, फार नसेल. वैशू आधी खोकली, मग तिच्या तोंडातून लाळेची तार लागली, आणि मग रडणंच बंद झालं. अंग ओल्या फडक्यासारखं लोळागोळा. माझ्या डोळ्यांतून पाणी, छातीवर कुणी दगड ठेवलाय असं. कडी कशी काढली ते आठवत नाही. आप्पा गल्लीच्या टोकाला होते. माझी किंकाळी ऐकून त्यांनी चालू मशीन नालीत टाकलं, बाळ माझ्या हातातून घेतलं आणि अनवाणी रस्त्यावर धावले. जो टेम्पो समोर आला त्याच्या पुढे उभे राहिले. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे कपडे काढून अंग धुतलं, सुया दिल्या, नाकाला नळी लावली. डॉक्टर आम्हाला ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की डासाच्या नसा ज्याने लुळ्या पडतात त्याने बाळाच्याही पडतात. बाळाचा श्वास केवढासा, आणि तुम्ही ते बंद खोलीत भरलंत. मग विचारलं, हे कुणी केलं?

मालक तेवढ्यात पाळी सोडून धावत आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सासूबाईंचा निरोप आठवला. उद्याच्या गाडीने गावी पाठवतील, पोर काढून घेतील, पुन्हा इकडे आणणार नाहीत, हे सगळं माझ्या तोंडावर आलं असेल. मी तोंड उघडायच्या आत आप्पा पुढे झाले. म्हणाले, "धूर मी मारला. पोरगी नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही."

आणि मी गप्प बसले.

चार दिवसांनी वैशू घरी आली. देवाची आणि त्या डॉक्टरांची कृपा. पण आप्पांचं काय झालं ते मी रोज पाहत होते. मालकांनी त्यांना चारचौघांत सांगितलं, माझ्या दारात पाय ठेवायचा नाही. दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. चाळीतली माणसं तोंडावर हसायची, काय आप्पा, आज कुणाच्या नातीला धुरी? ते मान खाली घालून पुढे जायचे. पुढे मालकांचा राग निवला, त्यांनी स्वतः जाऊन आप्पांना आत बोलावलं, तरी आप्पा आले नाहीत. म्हणायचे, "इथंच बरं आहे, वारा लागतो." आधी मालक पाळीवर असताना, मग त्यांच्यादेखत, मी उंबरठ्याबाहेर पाट टाकायची आणि ते तिथे बसून चहा प्यायचे. दहा वर्षं. वैशूचे वाढदिवस, संक्रांत, कानबाईचे रोट, सगळं त्यांनी उंबरठ्याच्या त्या बाजूला बसून खाल्लं. मी त्यांना एकदाही म्हटलं नाही की आप्पा, आत या. म्हटलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

त्या प्रसंगानंतर आठवड्याभराने त्यांनी औषधाच्या डब्यावरचा कागद ओला करून सोलून काढला होता आणि मालक पाळीवर असताना तो घेऊन माझ्या दाराशी आले होते. कागद इंग्रजीत. मी सातवी पास म्हणून त्यांना माझा मोठा भरवसा, पण मला त्यातली अक्षरं लागत होती, शब्द लागत नव्हते. मग त्यांनी मसाटच्या एका इंजिनियर साहेबांना गाठलं, ते पुण्याचे. साहेबांनी वाचून मराठीत सांगितलं आणि आप्पांनी ते डोक्यात धरून माझ्यापर्यंत आणलं. म्हणाले, पोरी, लिही. मी शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदाच हातात पेन धरलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं: श्वासावाटे आत घेऊ नये. बंद जागेत वापरू नये. मुलांना लांब ठेवावे. खाण्यापिण्याच्या वस्तू झाकाव्या. अंगावर पडल्यास धुवावे. आप्पांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. मग म्हणाले, "दोन वर्षं हा डबा या हातात होता. त्याच्या अंगावरच लिहिलेलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सायकलची घंटी काढून हातात घेतली. आधी मशीन न लावता सबंध गल्लीतून घंटी वाजवत एक फेरी मारायची. पाणी झाका, पोरं बाहेर न्या, म्हाताऱ्यांना मोकळ्यावर बसवा. मग दुसरी फेरी धुराची, तीही नुसती नालीवर आणि खड्ड्यांवर. धूर गेल्यावर भात शिजेल इतका वेळ दारं उघडी ठेवा, मगच आत जा. सुरुवातीला पोरांना वाटायचं कुल्फीवाला आला. बाया वैतागायच्या, की हा आता आमच्या घरात औषधच देत नाही. कंत्राटदार तर एकदा भर गल्लीत म्हणाला, "अप्पा, तेरे को धुआँ मारने रखा है या आरती करने?" आप्पा म्हणाले, "आरती ही समझो, सेठ." आणि घंटी वाजवत पुढे गेले. आमच्या दाराशी मात्र ते घंटी वाजवून पुढे जायचे नाहीत. थांबायचे. मी वैशूला कडेवर घेऊन बाहेर पडायची, मोकळ्या पटांगणात जाऊन उभी राहायची, आणि ते तिथवर मान वळवून बघायचे. मग मशीनची दोरी ओढायचे.

जिजी म्हणायच्या, सोडा ते काम, गमछा धुताना माझेच डोळे चुरचुरतात, तुमच्या छातीत काय जात असेल. मी पण म्हटलं. त्यावर त्यांचं एकच उत्तर होतं, मी सोडलं तर दुसरा येईल, आणि दुसरा घंटी वाजवणार नाही. तोंडाला गमछा, हाताला काही नाही. थंडीच्या दिवसांत धूर जमिनीलगत बसायचा, त्यातून ते कमरेपर्यंत बुडून चालायचे. आधी नुसता खोकला होता. मशीनचा आवाज गळ्यात बसलाय, असं हसून सांगायचे. मग चहाचा कप धरला की बशीवर किणकिण व्हायचं, इतका हात थरथरे. मग पाटावरून उठताना दाराच्या चौकटीला धरून थांबायला लागले, दम खायला. वापीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, म्हणाले फुप्फुसं खराब झालीत. धुरानेच का, असं मी विचारलं. ते म्हणाले, बाई, तसं ठाम सांगता येणार नाही. हवा आहे, धूळ आहे, डिझेल आहे, वय आहे. पण इतकी वर्षं रोज हे ओढलं असेल, तर त्याचा काहीच वाटा नाही असंही मी म्हणणार नाही. आप्पांनी विडी कधी ओढली नव्हती. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

गेल्या वर्षी काम सुटलं. तरी काठी टेकत, नव्या माणसाच्या पुढे घंटी वाजवत चालायचे, कुणी सांगितलेलं नसताना, फुकट. मग तेही थांबलं.

तेराव्यानंतर जिजी गावी निघाल्या तेव्हा मी त्यांना बांधाबांध करू लागायला गेले. त्यांनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला तो माझ्या अक्षरातला कागद काढला आणि घंटी. दोन्ही माझ्या ओटीत ठेवलं. मला राहवलं नाही. म्हटलं, जिजी, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, "मला माहीत आहे, माय. मी तापात होते, बहिरी नव्हते. तू मारलेली हाक मी ऐकली होती." त्या पुढे म्हणाल्या, मी त्यांना विचारलं होतं, खोटं कशाला बोललात? तर म्हणाले, "तिला नांदायचं आहे. मला काय, धूरच मारायचा आहे." दहा वर्षं दोघांनी ते माझ्यासाठी झाकून ठेवलं, आणि मी मात्र समजत होते की ते मीच झाकलेलं आहे. माझ्या बापानेही माझ्यासाठी इतकं केलं नसतं. त्या रात्री मी मालकांना सगळं सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सकाळी डबा न घेताच निघाले, मग दारातून परत आले आणि म्हणाले, "मी त्या माणसाला चारचौघांत बोललो होतो, कमल." अजून ते त्यातून बाहेर आलेले नाहीत.

परवा धुराची गाडी आली. आता जीप असते, मागे मोठं मशीन, दोन मिनिटांत दोन्ही ओळी धुराने भरून निघून जाते. सांगायला कुणी येत नाही. लांबून आवाज ऐकला आणि मी घंटी घेऊन गल्लीत धावले. मला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण घंटी वाजली तसं एकेक दार उघडलं. मंजुबेनने हंडे झाकले, बाया पोरांना घेऊन पटांगणाकडे निघाल्या. कुणी विचारलंही नाही. त्यांच्या कानाला ती घंटी ओळखीचीच होती. वैशूला मी हाताला धरून नेलं, ती आता दहा वर्षांची आहे, हात सोडवून घ्यायला बघते. धूर आला, गेला. भात शिजेल इतका वेळ आम्ही बाहेर थांबलो. मग वैशू आत गेली, खिडकी उघडली, फडकं ओलं करून फरशी पुसून काढली. आप्पांनी शिकवलेलं.

मी घंटी हातात घेऊन दाराशी थांबले. पाट तिथेच होता, भिंतीला टेकवलेला. महिनाभर मी तो उचललेला नाही. वैशूने आतून वळून पाहिलं आणि म्हणाली, "आई, आत ये ना. बाहेर का उभी?"

एवढेच शब्द होते. ते मला दहा वर्षांत एकदाही म्हणता आले नाहीत... मी पाट टाकला, उंबरठ्याच्या त्याच बाजूला बसले, आणि तिला म्हटलं, तू इकडे बाहेर ये, माझ्याजवळ बस. तुझ्या आप्पांनी तुला काही केलं नव्हतं. ते कुणी केलं, ते तुला सांगते.